पत्त्यात उरलेल्या टॉकीज

जुलैत मुंबईत पाऊस कोसळला की टीव्हीवर एक नाव हमखास येतं: हिंदमाता. गुडघाभर पाणी, बंद पडलेल्या टॅक्सी, उलटी झालेली छत्री सावरत बोलणारा वार्ताहर. हिंदमाता हे मुळात एका सिनेमा थिएटरचं नाव आणि त्यावरून ते अख्ख्या परिसराला चिकटलं, हे त्या वार्ताहरालाही बहुधा ठाऊक नसतं. ठाण्यात 'वंदनाला उतरतो' म्हणणारा एसटी स्टँडवर उतरतो. वंदना ही टॉकीज. नागपुरात व्हरायटी चौक, अमरावतीत राजकमल चौक, पुण्यात अलका टॉकीज चौक. आणि मंडईत भाजीला गेलेला पुणेकर गाडी लावायला ज्या वाहनतळात शिरतो त्याचं नाव आर्यन. त्याच जागी ७ फेब्रुवारी १९१५ रोजी गंगाधर पाठक यांनी पुण्यातलं पहिलं कायमचं चित्रपटगृह सुरू केलं होतं. १९८३ साली ते बंद पडलं. आता तिथे दुचाकींच्या रांगा लागतात आणि पावती फाडणाऱ्याला आर्यन कोण असं विचारलं तर तो मालकाचं नाव असेल म्हणतो.

टॉकीज गेल्या आणि पत्ते राहिले. कशाने गेल्या, असं आज कोणालाही विचारा, उत्तर तयार असतं: ओटीटीने. खिशात मोबाइल, त्यात महिन्याला तीनचारशे रुपयांत जगभरचा सिनेमा. थिएटरला कोण मरायला जातंय? उत्तर सोपं आहे आणि निम्मं चूक आहे. आर्यन बंद पडलं तेव्हा मोबाइलच नव्हता. दादरचं 'चित्रा' १६ मे २०१९ रोजी शेवटचा खेळ दाखवून थांबलं. करोना यायला तेव्हा दहा महिने होते. पडद्यावर होता 'स्टुडंट ऑफ द इयर २'. त्यापूर्वी जुहूचं 'चंदन' गेलं होतं, पुण्यात डेक्कनचं 'नटराज' तर कधीच गेलं होतं. ओटीटीला आरोपी करायचं तर करावं, पण आरोपपत्रात त्याचं नाव शेवटून पहिलं येईल. त्याचा गुन्हाही लोक समजतात त्याहून निराळा आहे. तो समजायला आधी टॉकीज पोट कशावर भरायची हे पाहावं लागतं.

हिंदी सिनेमाच्या वितरणाचा नकाशा शाळेतल्या नकाशाशी कधी जुळला नाही. पश्चिम महाराष्ट्र, गोवा, गुजरात आणि बेळगाव-हुबळीकडचा पट्टा मिळून 'बॉम्बे सर्किट'. मराठवाडा महाराष्ट्रात येऊन साठेक वर्षं झाली, तरी वितरकांच्या वहीत तो 'निजाम'मध्येच. विदर्भ 'सीपी-बेरार'मध्ये आणि त्याची कचेरी भुसावळला नाहीतर अमरावतीला. भुसावळ का? तर रेल्वेचं जंक्शन. सिनेमा पत्र्याच्या पेट्यांतून रेल्वेने यायचा, तिथून पुढे एसटीच्या टपावर. भुसावळच्या वितरकाने पेटी सोडली नाही तर बुलढाण्यात शुक्रवार कोरडा.

एका हिंदी सिनेमाची अनेक रिळं. प्रिंट काढणं महागाचं काम, त्यामुळे प्रिंट मोजक्या. त्या आधी मुंबई-पुणे-नागपूरच्या मोठ्या थिएटरांत लागायच्या, तिथे पंधरा-वीस आठवडे घासल्या की जिल्ह्याला, मग तालुक्याला, शेवटी जत्रेतल्या तंबूत. मुंबईत जुना झालेला सिनेमा बार्शीत नवा, आणि बार्शीत जुना झालेला तंबूत नवा. प्रिंटवर तोवर पावसाच्या रेघा पडलेल्या असायच्या, एखादं गाणंच गायब असायचं. पण मधल्या सहा महिन्यांत रेडिओने, पोस्टरने आणि मुंबईहून गणपतीला आलेल्या चाकरमान्याने त्या सिनेमाची भूक तयार केलेली असायची. उशीर हाच लहान टॉकीजचा धंदा होता. हे एक वाक्य लक्षात ठेवून पुढचं वाचावं.

आमच्या तालुक्याच्या टॉकीजला तीन खेळ असत: तिनाचा, सहाचा, नवाचा. भिंतीवर ते हिरव्या ऑइलपेंटने रंगवलेले होते आणि घड्याळ नसलेली माणसं त्यावर वेळ सांगत. 'सहाचा सुटला, भाकऱ्या टाका.' ऑपरेटर आमच्या आळीतला. शाळेत असताना त्याने एकदा मला केबिनमध्ये नेलं. बाहेरून लोखंडी जिना, आत दोन प्रोजेक्टर शेजारीशेजारी, मे महिन्यातल्या पत्र्यासारखी उष्णता आणि जळत्या कार्बनचा वास. कार्बनच्या दोन कांड्यांची टोकं समोरासमोर आणून त्यांच्या ठिणगीवर तो पडदा उजळायचा. कांड्या झिजत जातील तशा सरकवत राहायच्या, नाहीतर पडद्यावरची नायिका पिवळी पडायची. दोन हजार फुटांचं रीळ बावीस मिनिटं चालतं. तेवढ्या वेळात पुढचं रीळ दुसऱ्या यंत्रावर चढवायचं, आधीचं हाताने उलटं गुंडाळायचं, तुटलेली पट्टी खरवडून चिकटवायची आणि भिंतीतल्या चौकोनी भोकातून पडद्याच्या उजव्या कोपऱ्यावर नजर ठेवायची. तिथे क्षणभर एक ठिपका चमकतो. पहिला ठिपका दिसला की दुसरं यंत्र सुरू, दुसरा दिसला की झडप बदलायची. चुकलं तर पडदा पांढरा, आणि खाली स्टॉलमधून शिट्ट्या आणि ऑपरेटरच्या सात पिढ्यांचा उद्धार. तो हसायचा. म्हणायचा, "बाबा, नीट चाललं तर मी हाय हे कुणाला कळत नाय. तुटलं की समदे माझं नाव घेत्यात."

खाली वेगळंच गाव वसलेलं असे. पडद्याला चिकटून बाकं, मागे स्टॉल, त्यामागे अप्पर, वर बाल्कनी. बाकांवर हमाल, वीटभट्टीवरचे मजूर, शाळा बुडवलेली पोरं. बाल्कनीत डॉक्टर आणि मामलेदार सहकुटुंब. दोघांत अंतर भरपूर, दरवाजेही निराळे. टॉकीजने समता आणली वगैरे मी म्हणणार नाही. पण हसू एकाच वेळी यायचं आणि ते एकमेकांना ऐकू जायचं. एवढंही आता कुठे होतं, ते आठवून पाहावं.

या धंद्याला पहिला मोठा मार बसला तो १९८२ साली. एशियाडच्या निमित्ताने रंगीत टीव्ही आला, पाठोपाठ व्हिडिओ. गल्लीत व्हीसीआर भाड्याने आणून रात्रभर तीन सिनेमे बघायची साथ आली, एसटी स्टँडसमोर व्हिडिओ पार्लर उघडली. मग रविवार सकाळचं 'रामायण', नव्वदीत केबल. गिरणगावात तर १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपाने प्रेक्षकच कापला. लालबागच्या भारतमाताच्या दारात पाळी सुटल्यावर जी गर्दी व्हायची, तिचा पगारच बंद झाला. ते थिएटर तरीही मराठी सिनेमा धरून राहिलं, गिरणीच्याच जमिनीवर, डोक्यावर टांगती तलवार घेऊन. गिरण्या गेल्या, टॉवर आले आणि टॉवरमधल्या माणसाला लालबागच्या टॉकीजचं काही देणंघेणं नव्हतं.

दुसरा मार सरकारी होता आणि त्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. मुंबईचा करमणूक शुल्काचा कायदा १९२३ सालचा, इंग्रजांच्या अमदानीतला. करमणूक ही चैन, तिच्यावर कर हवा, ही त्याची भूमिका स्वातंत्र्यानंतर कोणाला बदलावीशी वाटली नाही. शेवटी शेवटी मोठ्या शहरांत मूळ दरावर ४५ टक्के कर होता. तालुक्यात करमणूक कर निरीक्षक खेळ चालू असताना बॅटरी घेऊन खुर्च्या मोजायला यायचा. मालक त्याच्यासाठी बाल्कनीत दोन जागा आणि एक थंडा कायम राखून ठेवायचा. अशा अवस्थेत २००१ साली राज्याने मल्टिप्लेक्स धोरण आणलं: नव्या मल्टिप्लेक्सला पहिली तीन वर्षं करमणूक कर पूर्ण माफ, पुढची दोन वर्षं चौथाईच कर. समोरासमोर दोन दुकानं, एकाला कर, दुसऱ्याला माफी. जुन्या टॉकीजला गळक्या छताच्या दुरुस्तीसाठी तिकिटामागे दोनचार रुपये सेवा शुल्क ठेवू द्या म्हणून मालक वर्षानुवर्षं अर्ज करत होते. मला यात कट वगैरे दिसत नाही. मंत्रालयात बसलेल्यांच्या मुलांना मॉल आवडत होता, एवढंच.

तिसरं कारण जमीन. टॉकीज गावाबाहेर बांधली, गाव तिच्याभोवती वाढलं आणि ती चौकात आली. हजार खुर्च्यांच्या थिएटरमध्ये दिवसाला दोनशे तिकिटं खपत असतील, तर खालच्या जमिनीचा भाव मालकाला झोपू देत नाही. भावांत वाटण्या झालेल्या, पुढच्या पिढीतला एक पुण्यात संगणकावर, एक अमेरिकेत. मुंबईत तर थिएटरच्या जागी काही उभारायचं तर त्यात थिएटरही ठेवावं लागतं, असा नियम आहे. हेतू चांगला होता. घडलं असं की अनेकांनी थिएटर ना चालवलं, ना पाडलं. कुलूप लावून नियम बदलायची वाट पाहत बसले. पिंपळ उगवलेल्या, तिकीट खिडकीत कबुतरं घुमणाऱ्या इमारती त्यातूनच दिसतात.

आता चौथी गोष्ट, जी मला सगळ्यात रोचक वाटते. २००५ नंतर उपग्रहावरून सिनेमा पोचवण्याचं तंत्र आपल्याकडे पसरलं. 'यूएफओ', 'क्यूब' ही नावं टॉकीजवाल्यांच्या तोंडी आली. छतावर डिश, केबिनमध्ये सर्व्हर, पत्र्याच्या पेटीची गरज संपली. फुजीने २०१३ मध्ये सिनेमाची फिल्म बनवणंच थांबवलं. तालुक्याच्या मालकांना सुरुवातीला लॉटरी लागल्यासारखं झालं: ज्या शुक्रवारी मुंबईत, त्याच शुक्रवारी आपल्याकडे! पहिली काही वर्षं गल्ले वाढलेही. पण यात उशीर संपला. देशभर एकाच दिवशी हजारो पडद्यांवर सिनेमा लावायचा, तीन दिवसांत पैसे काढायचे आणि पुढच्या शुक्रवारी जागा मोकळी करायची, ही रीत पडली. पहिल्या तीन दिवसांत हजार खुर्च्या भरायला तालुक्यात तेवढी माणसं मोकळी नसतात. सोयाबीन काढणीला आलं असेल तर मुळीच नसतात. जो सिनेमा सावकाश सहा आठवडे चालून सहा हजार माणसांनी पाहिला असता, तो एका आठवड्यात दीड हजारांवर उतरायला लागला. पूर्वी उतरवलेला सिनेमा दोन वर्षांनी पुन्हा लावता येई. 'शोले', 'जय संतोषी माँ', दादा कोंडक्यांचे सिनेमे, हा मालकांचा राखीव दाणागोटा होता. तोही केबलने खाल्ला. ऑपरेटर बिनकामाचा झाला, कारण सर्व्हरचं बटण डोअरकीपरही दाबू शकतो. आमच्या आळीतला ऑपरेटर पुढे रसवंतीवर बसला. यंत्र सांभाळायची सवय होतीच.

या पायरीवर स्ट्रीमिंग आलं. नेटफ्लिक्स भारतात जानेवारी २०१६ मध्ये, जिओ त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये, अॅमेझॉनची सेवा डिसेंबरमध्ये. जिओशिवाय बाकीच्या दोघांचा आपल्या गावांशी काही संबंध आला नसता. डेटा फुकट झाला तेव्हा पडदा खिशात गेला. मग करोना. महाराष्ट्रात थिएटरं मार्च २०२० मध्ये बंद झाली, नोव्हेंबरमध्ये अर्ध्या खुर्च्यांवर उघडली, एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा बंद, आणि २२ ऑक्टोबर २०२१ ला पुन्हा उघडली. दरम्यान १२ जून २०२० रोजी अमिताभ बच्चन यांचा 'गुलाबो सिताबो' थेट ओटीटीवर आला आणि मल्टिप्लेक्सवाल्यांनी जाहीर नाराजी दाखवली. एकपडदा मालकांची नाराजी कोणी विचारली नाही. त्यांची वीजबिलाची थकबाकी मात्र वेळेवर येत राहिली.

उद्योगाचे अहवाल सांगतात की करोनाच्या आधी देशात सिनेमाचे साडेनऊ हजारांच्या आसपास पडदे होते, त्यांत दोन तृतीयांश एकपडदा थिएटरांचे. चीनमध्ये पडद्यांची संख्या ऐंशी हजारांच्या पुढे आहे. लोकसंख्या सारखीच. म्हणजे सिनेमावेडा देश म्हणून आपण मिरवतो खरे, पण पडद्यांच्या हिशेबात दुष्काळी भागात राहतो, आणि त्या दुष्काळातल्याही विहिरी बुजत आहेत.

स्ट्रीमिंगने नेमकं काय नेलं? गर्दी नेली असं मला वाटत नाही. गर्दी आधीच पातळ झालेली होती. त्याने वाट पाहण्याचं कारण नेलं, आणि तेही उलट्या बाजूने. पूर्वी थांबायचं ते सिनेमा टॉकीजला येईपर्यंत. आता थांबायचं ते तो टॉकीजमधून जाईपर्यंत. हिंदी सिनेमासाठी मल्टिप्लेक्सवाल्यांनी आठ आठवड्यांचं अंतर पाळायला लावलं आहे. 'दोन महिन्यांनी घरी येईल की' हे वाक्य आपण सगळेच म्हणतो. मीही म्हणतो. चौघांचं कुटुंब, तिकिटं हजाराची, मक्याच्या लाह्या सोन्याच्या भावाने (त्यावरून २०१८ मध्ये पुण्यात मनसेने राडा केला होता, आणि तेव्हा मनातून बऱ्याच जणांना बरं वाटलं होतं), येण्याजाण्याचा खर्च वेगळा. हा हिशेब मल्टिप्लेक्सच्या दराचा आहे, पण त्याची सवय लागली ती साठ रुपयांच्या टॉकीजलाही भोवली.

स्ट्रीमिंगची बाजूही मांडायला हवी. चैतन्य ताम्हाणे यांचा 'द डिसायपल' व्हेनिसच्या स्पर्धेत गाजला आणि मराठी माणसाने तो पाहिला एप्रिल २०२१ मध्ये नेटफ्लिक्सवर. गडहिंग्लजच्या टॉकीजमध्ये तो कधीच लागला नसता, लागला तर तिसऱ्या दिवशी उतरला असता. गुडघ्यांमुळे जिना चढू न शकणारी आई मल्याळम सिनेमे मराठीतून प्रश्न विचारत पाहते. न्यूजर्सीतल्या मराठी घराला मंडळाच्या एका रविवारच्या खेळावर अवलंबून राहावं लागत नाही. ज्या बाईला रात्री नवाच्या खेळाला एकटीने जाता येत नव्हतं, ती सगळी आवराआवर झाल्यावर हवं ते बघते. टॉकीजच्या आठवणींनी गहिवरणारे लेख बहुतेक पुरुषांचे असतात, यातच काय ते आलं. स्टॉलमधला अंधार सगळ्यांना सारखा सुखाचा नव्हता.

तरीही मराठी सिनेमापुरतं बोलायचं तर सौदा तोट्याचा झाला आहे. मराठी सिनेमा हळूहळू तापतो. त्याच्याकडे जाहिरातीला पैसा नसतो. पाहून आलेली वहिनी जावेला सांगते तेव्हा त्याचा दुसरा आठवडा चालतो. एकपडदा मालकाला त्याच गावात राहायचं असे, त्यामुळे तो पाहायचा आणि ठेवायचा. मल्टिप्लेक्सचं वेळापत्रक सोमवारी सकाळी दूरच्या कचेरीतून ठरतं आणि मराठीला सकाळी साडेदहाचा किंवा रात्री अकराचा खेळ येतो. ही रड नवी नाही. १९७१ साली 'सोंगाड्या'ला दादरच्या कोहिनूरमध्ये जागा राहावी म्हणून बाळासाहेब ठाकरे आणि शिवसेनेला मध्ये पडावं लागलं होतं. २०१५ मध्ये विनोद तावडे सांस्कृतिक मंत्री असताना मल्टिप्लेक्सना मराठीसाठी प्राइम टाइमची सक्ती करण्यावरून गदारोळ झाला आणि शेवटी दुपारी बारा ते रात्री नऊ ही प्राइम टाइमची लांबरुंद व्याख्या निघाली. तीत दुपारची झोपही बसते. जीएसटी आल्यावर मराठीची करमाफीची जुनी सवलतही विरघळली. आणि ओटीटी कंपन्या आता आधी थिएटरातला गल्ला विचारतात. मराठी सिनेमाला थिएटर मिळत नाही म्हणून गल्ला नाही, आणि गल्ला नाही म्हणून ओटीटी नाही. राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला मराठी सिनेमा पाहायचा कुठे, हा प्रश्न मला वाचक दर वर्षी विचारतात. बरेचदा माझ्याकडे उत्तर नसतं.

प्रेक्षक उरलेच नाहीत असं म्हणणाऱ्यांनी दोन तारखा पाहाव्यात. २९ एप्रिल २०१६, 'सैराट'. साताऱ्याकडच्या रहिमतपूरसारख्या गावातून रात्री बाराचे आणि पहाटे तीनचे खेळ लागल्याच्या बातम्या आल्या. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून माणसं आली. ३० जून २०२३, 'बाईपण भारी देवा'. भिशीचे गट, महिला मंडळं, साड्यांचे रंग ठरवून आलेल्या सोसायट्यांच्या बायका, पडद्यासमोर मंगळागौर. ओटीटी ऐन भरात असताना हे घडलं. मालेगावही पाहावं. यंत्रमागांचं शहर, शुक्रवारी सुट्टी, आणि सुट्टी म्हणजे नवा सिनेमा. तिथल्या पोरांनी हातात कॅमेरा घेऊन स्वतःचा 'मालेगाव के शोले' काढला, आणि २०२३ च्या दिवाळीत सलमानच्या 'टायगर ३'ला थिएटरच्या आतच फटाके उडवले. हे फटाके मूर्खपणाचे होते. जीव गेले असते. पण मरणाऱ्या धंद्यात कोणी फटाके उडवत नाही, हेही तितकंच खरं.

मुंबईत मराठा मंदिरात 'दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे' १९९५ पासून चालू आहे, त्याचं कौतुक वर्तमानपत्रं 'प्रेमकथेचा विक्रम' म्हणून करतात. थिएटरसमोर मुंबई सेंट्रलचं रेल्वे स्टेशन आणि एसटी आगार आहे. गाडीला चार तास आहेत, सामान जवळ आहे, उन्हं तापलीत, आणि स्वस्तात पंख्याखाली बसायला मिळतंय, असे प्रेक्षकही त्या विक्रमात आहेत. टॉकीजचं ते एक जुनं काम होतं: शहरात परक्या असलेल्या माणसाला तीन तास बसायला जागा देणं. मुंबईच्या उरल्यासुरल्या एकपडदा थिएटरांत भोजपुरी सिनेमे लागत राहिले ते याच माणसासाठी. त्याच्या हातात आता मोबाइल आहे आणि तो फलाटाच्या खांबाला टेकून पाहतो.

तंबूतल्या टुरिंग टॉकीजचं तर फार काही उरलं नाही. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी आठ वर्षं त्यांच्या मागे फिरून 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' हा माहितीपट केला. २०१६ मध्ये कान महोत्सवात त्याची दखल घेतली गेली. तो जरूर मिळवून पाहावा. मोठ्या पडद्यावर मिळाला तर उत्तम.

मग करायचं काय? मला जुन्या हजार खुर्च्यांच्या थिएटरांचं संग्रहालय नको आहे. जी वास्तू म्हणून जपण्याजोगी आहेत ती जपावीत. चर्चगेटचं १९३८ सालचं इरॉस २०२४ मध्ये आतून नवं होऊन उघडलं, पुण्यात १९३४ सालचं प्रभात २०१४ च्या अखेरीस करार संपल्यावर मूळ मालक किबे कुटुंबाकडे जाऊन किबे लक्ष्मी नावाने पुन्हा चालू झालं. पण तालुक्याला दीडशे-दोनशे खुर्च्यांचे, शंभर रुपयांच्या आतल्या तिकिटाचे, चांगल्या संडासाचे दोन पडदे हवे आहेत. संडास मी मुद्दाम म्हणतो. बायका टॉकीजला यायच्या थांबल्या त्यात सिनेमाइतकाच त्याचाही वाटा आहे.

कराचं एक पाऊल योग्य पडलं. जीएसटी आला तेव्हा, जुलै २०१७ मध्ये, शंभरापर्यंतच्या तिकिटावर १८ आणि त्यापुढे २८ टक्के होता. २०१९ मध्ये तो १२ आणि १८ झाला. २२ सप्टेंबर २०२५ पासून शंभरापर्यंतच्या तिकिटावर ५ टक्केच आहे. हे वीस वर्षं आधी व्हायला हवं होतं. केरळने १९७५ सालीच सरकारी चित्रपट महामंडळ काढलं, ते स्वतःची थिएटरं चालवतं आणि २०२४ मध्ये त्याने स्वतःचा ओटीटीही काढला. फ्रान्समध्ये प्रत्येक तिकिटावर सुमारे पावणेअकरा टक्क्यांचा अधिभार असतो आणि तो पैसा सिनेमा बनवायला आणि थिएटरं सांभाळायला परत येतो. नेटफ्लिक्सला तिथे थिएटरनंतर पंधरा महिने थांबायचं ठरलं आहे. आपल्याकडे कर घेण्याचा भाग शंभर वर्षांपूर्वी शिकून झाला, परत देण्याचा धडा राहिला.

महाराष्ट्राकडे एक गोष्ट मात्र आहे जी इतरांकडे क्वचितच असेल: नाट्यगृहं. जिल्ह्याजिल्ह्यांत नगरपालिकांनी, महापालिकांनी बांधलेली, आठशे-हजार खुर्च्यांची, कोणा ना कोणा थोर माणसाचं नाव दिलेली. नाटकाचे दौरे कमी झाले, उरलेल्या तारखा शाळांची गॅदरिंग आणि सत्कार समारंभ यांनी अडतात, बाकी दिवस पडदा खाली. एक बरा प्रोजेक्टर, एक उतरवता येणारा पडदा आणि आठवड्यातले दोन दिवस मराठी सिनेमाला, एवढ्यावर काम सुरू होतं. जमीन सरकारी, इमारत उभी, पार्किंग आहे. नाटकवाले कुरकुरतील, त्यांना शनिवार-रविवार द्यावेत. सिनेमाला मंगळवार-बुधवार चालतील. सावकाश सिनेमा पाहायला तेच दिवस बरे.

परवा आमच्या गावी गेलो होतो. टॉकीज पाडून तिथे मंगल कार्यालय झालं आहे, आणि पत्रिकेवर पत्ता छापतात 'जुन्या टॉकीजजवळ'. तिथून पाच मिनिटांवर नगरपालिकेचं नाट्यगृह. दारात तारखांचा फलक आहे, त्यावर महिन्याचे रकाने आखलेले. बहुतेक कोरे होते. तुमच्या गावीही असा एक फलक असेल. येत्या आठवड्यात जाऊन पाहा आणि नगरपालिकेच्या निवडणुकीत मत मागायला दारी येणाऱ्याला त्या कोऱ्या रकान्यांबद्दल विचारा.